सीआरएमओसाठी परळला निघताय? ब्लॉक घेतलात का?

मुलाला सीआरएमओचा (जंतू नसताना हाडांना पुन्हापुन्हा सूज येते, तो आजार) संशय आहे आणि ठाण्याहून परळला मुलांच्या रुमॅटॉलॉजिस्टकडे (सांधे-हाडांच्या सुजेचे डॉक्टर) जायचंय, तर बाकी सगळं राहू द्या. बायोप्सी जिथे झाली तिथल्या पॅथॉलॉजीत आधी अर्ज टाका. रिपोर्ट नको, ब्लॉक हवा. मेणात बसवलेला हाडाचा तुकडा, आणि सोबत स्लाइडी. मागच्या वेळी आम्ही रिपोर्ट लॅमिनेट करून नेला आणि खेप फुकट गेली. या आजारावर शिक्का मारणारी एकही तपासणी नाही. टीबी, साधा जंतुसंसर्ग, ल्युकेमिया, इविंग सार्कोमा (हाडाचा कॅन्सर), लँगरहॅन्स (हाडात पेशींची गाठ करणारा आजार) असं एकेक बाद करत जावं लागतं, आणि त्यासाठी दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला ब्लॉकचे नवे काप लागू शकतात. कागदाचे काप निघत नाहीत! ब्लॉक मागितल्या दिवशीच मिळेल असं धरून चालू नका.

बायोप्सी व्हायचीच असेल तर सर्जनला आधी विचारा: सगळा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये जाणार का? थोडा कल्चरला (जंतू वाढवून बघायच्या तपासणीला), टीबीच्याही, वेगळा जायला हवा. फॉर्मॅलिनमधल्या तुकड्यावर कल्चर होत नाही. मग जंतू नव्हते हे कशाच्या जोरावर म्हणणार?

फाईल, आधार कार्ड, पाणी हे सांगायला नको. एमआरआयची सीडी घरी लावून बघा, कधीकधी उघडतच नाही. एक्स-रे सुरुवातीला साफ असू शकतो, सीआरपीही (रक्तातून सूज दाखवणारी तपासणी) नॉर्मल येऊ शकतं, म्हणून 'वाढीचं दुखणं' म्हणून परत पाठवलेले कागदही ठेवा. एमआरआय राहिला असेल तर पूर्ण अंगाचा करायचा का ते विचारा. न दुखणाऱ्या मणक्यातही घाव सापडतो.

आणि ब्लॉक. पिशवीत गेला का? उन्हात गाडीत ठेवू नका, मेण आहे ते.

दुखण्याची वही हवी: कुठलं हाड, रात्री झोपमोड होते का, कुठलं अँटिबायोटिक किती दिवस दिलं, काय फरक पडला. तळहात-तळपायावर पुवाच्या पुटकुळ्या, सोरायसिस, शौचातून रक्त, असं घरात कुणाला आहे का? आजीला खोदून विचारा, त्या आपणहून सांगत नाहीत.

सकाळच्या लोकलमध्ये दुखऱ्या पायाच्या मुलाला कोंबू नका, उशिराची वेळ मागा. ब्लॉक बॅगेत, वरच्या रॅकवर नाही, मांडीवर.

पुढे औषधं सुरू झाली तर, थोडक्यात. नॅप्रोक्सेन (दुखण्या-सुजेची गोळी) खाऊन झाल्यावर. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा, रोज नाही, चुकून रोज दिलं तर जिवावर बेततं. पॅमिड्रोनेटआधी (हाडांसाठी शिरेतून देतात ते) कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, दात तपासून घ्या, पहिल्या डोसनंतर ताप येऊ शकतो. अडालिम्युमॅबआधी (सूज दाबणारं इंजेक्शन) टीबीची तपासणी. शाळेसाठी पीटीची चिठ्ठी. पुढची तारीख तिथेच घ्या, फोन कुणी उचलत नाही.