पद्मिनीचा हॉट रॉड: इंजिनाआधी उंबरे तपासा

गंजलेल्या प्रीमियर पद्मिनीचा हॉट रॉड, म्हणजे ताकद वाढवून वेगवान केलेली जुनी गाडी, करायचा तर इंजिन शोधण्याआधी स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्या. या गाडीला वेगळी चासी नाही. पत्र्याची बॉडीच सगळा भार पेलते. दाराखालचे उंबरे, फ्लोअर, मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) माउंट टोचून पाहा. टोक आत घुसलं की तो पत्रा गेला, वरची पुट्टी कितीही गुळगुळीत असो. कापण्याआधी दारांच्या चौकटींत २५ मिमीचे चौकोनी पाइप तिरके टॅक करा, म्हणजे वेल्डिंगच्या ठिपक्यांनी तात्पुरते जोडा. नाहीतर उंबरा काढताच बॉडी मधोमध खचते, दारं पुन्हा बसत नाहीत. नवा पत्रा १.२ मिमी, वेल्डिंग इंच-इंच, जागा बदलत. सलग ओढलं तर पत्रा वाकतो. मूळ इंजिन १०८९ सीसीचं, ब्रेक ड्रमचे. मोठं इंजिन घालणार असाल तर आधी ब्रेक बदला, आणि आरटीओची परवानगी काम सुरू करण्यापूर्वीच घ्या.