कोल्हापुरातून गोवेकरांच्या वाचनालयांना पुस्तके पाठवायची तर

पुस्तक कोणत्या भाषेतले आहे ते नंतर पाहा, आधी लिपी पाहा. गोव्याबाहेरच्या गोवेकरांना पुस्तके पाठवताना सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. १९८७च्या राजभाषा कायद्याने गोव्यात देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामात मराठीलाही जागा राहिली. पण मुंबईत धोबीतलावच्या कुडींमध्ये, म्हणजे गावागावांच्या नावाने चालणाऱ्या ख्रिस्ती गोवेकरांच्या क्लबांमध्ये, कोकणी वाचली जाते ती रोमी लिपीत, म्हणजे रोमन अक्षरांत. तिथे देवनागरी कादंबऱ्यांचा गठ्ठा पाठवला, तर तो माळ्यावर जाऊन पडतो. हिंदू गोवेकरांच्या मुंबईतल्या जुन्या संस्थांमध्ये मराठीचे वाचक भेटतात. लिस्बनच्या वडीलधाऱ्यांना पोर्तुगीज वाचायला सोपे जाते. इंग्लंडात स्विंडनला गोवेकरांची मोठी वस्ती आहे, पण तिथे वाढलेल्या मुलांपैकी अनेकांना कोकणी कानाने कळते, वाचता येत नाही. त्यांच्यासाठी इंग्रजी, नाहीतर मोठ्या अक्षरातली चित्रांची द्वैभाषिक पुस्तके द्यावीत.

म्हणून पुस्तके बांधायच्या आधी संस्थेला पत्र किंवा ईमेल पाठवा आणि चार गोष्टी विचारा: तुमचे वाचक कोणती लिपी वाचतात, जागा किती आहे, कोणत्या विषयाची पुस्तके नकोत, आणि पेटी कोण उतरवून घेईल? कुडीत जागा फार थोडी असते. एक खाट, एक पेटी, समाईक देव्हारा, आणि बोटीवरच्या नोकरीसाठी थांबलेली माणसे. बोट लागेपर्यंत थांबलेला माणूस पाचशे पानांचा ग्रंथ हातात घेईलच असे नाही. दीडशे-दोनशे पानांचे पुस्तक तो संपवून पुढच्याला देतो. उत्तर येईपर्यंत एकही पेटी पाठवू नका. लेखी होकार नसेल तर चांगली पुस्तकेसुद्धा ओझे होतात.

कोल्हापुरात देण्याजोगे काय आहे? संगीत आणि नाटक यांची पुस्तके आधी काढा. गायक अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी होते आणि गोव्यातल्या केरी गावच्या गायिका केसरबाई केरकर लहानपणी काही महिने कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिकल्या. इथल्या घरात जुन्या मैफलींच्या स्मरणिका, नाटकांच्या छापील संहिता किंवा गोमंतकीय लेखकांच्या पहिल्या आवृत्त्या सापडल्या, तर त्या रद्दीत घालू नका, वेगळ्या ठेवा. शालेय पाठ्यपुस्तके, स्पर्धा परीक्षांचे गाइड, सुटे खंड, वर्षे उलटलेले विश्वकोश मात्र सरळ बाजूला काढा. करवीर नगर वाचन मंदिरासारख्या इथल्या जुन्या ग्रंथालयाचा शिक्का पुस्तकावर असेल, तर ‘रद्द’ नोंद झाल्याची खात्री केल्याशिवाय ते पुढे पाठवू नका.

हस्तलिखित पोथ्या, मोडी कागद, जुने दस्तऐवज असतील तर ते परदेशी पेटीत अजिबात घालू नका. ७५ वर्षांहून जुन्या आणि ऐतिहासिक वा साहित्यिक मोल असलेल्या हस्तलिखितांना व कागदपत्रांना १९७२चा पुरावस्तू कायदा लागू होतो आणि ती देशाबाहेर नेता येत नाहीत. अशी वस्तू शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात नेऊन आधी दाखवा.

आता तपासणी. प्रत्येक पुस्तक मध्यावर उघडून नाकाशी धरा. ओल्या मातीसारखा वास आला तर बुरशी आहे. मग कणा खाली करून पांढऱ्या कागदावर हलकेच आपटा. बारीक तपकिरी भुकटी पडली, किंवा पानांच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढी भोके दिसली, तर आत कीड जिवंत असू शकते. अशा एका पुस्तकाची कीड पेटीतल्या सगळ्यांना लागते. ते प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि घरच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडू नका, नाहीतर गार पानांवर दव धरते. बुरशीचे पुस्तक मात्र देऊच नका. २०१९ आणि २०२१च्या पुरात भिजून नंतर वाळवलेली पुस्तकेही देऊ नका. पाने वरून कोरडी दिसली तरी आत बुरशी टिकून असते.

साफ करायला मऊ ब्रश पुरे. ब्रश कण्यापासून बाहेरच्या दिशेने फिरवा. ओले फडके फिरवू नका. भर दुपारच्या उन्हातही ठेवू नका, कागद पिवळा पडतो आणि पुठ्ठा वाकतो. सकाळच्या सावलीत तासभर उभी करून ठेवली की झाले.

त्यानंतर यादी. रकाने सात: क्रमांक, नाव, लेखक, प्रकाशक व वर्ष, लिपी, पाने, स्थिती. यादीच्या तीन प्रती करा: एक पेटीत, एक ईमेलने, एक स्वतःजवळ. ‘स्थिती’त खोटे लिहू नका, ‘शिलाई सैल, पान ७३ फाटके’ असे लिहिले की घेणाऱ्याला निर्णय करता येतो.

देशात पाठवायला टपाल खात्याची ज्ञान पोस्ट सेवा सोयीची आहे. १ मे २०२५पासून सुरू झालेल्या या सेवेत ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोला १०० रुपये, वर कर. माल जमिनीवरून जातो म्हणून वेळ लागतो, पण दर चांगला आहे. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचे नाव असावे लागते, म्हणून झेरॉक्स करून बांधलेल्या प्रती चालत नाहीत. दिवाळी अंकासारखी नियतकालिकेही बसत नाहीत. अडीचशे पानांचे साधे पुस्तक तीनशे-साडेतीनशे ग्रॅम भरते, म्हणजे पाच किलोच्या एका पेटीत साधारण चौदा पुस्तके. ती घरीच तोलून घ्या. काउंटरवर पेटी फोडायची वेळ येते ती पाच किलोवर दोनशे ग्रॅम जादा भरल्यामुळेच.

पेटी पाच थरांच्या पुठ्ठ्याची घ्या. आत जाड प्लास्टिक अंथरा, पुस्तके आडवी ठेवा, मोठी खाली आणि लहान वर. कडेला बोटभर फट राहिली तर चुरगाळलेला कागद कोंबा, कारण फटीतच पुस्तके घसरून कोपरे मोडतात. पत्त्याची एक चिठ्ठी आतही टाका. चिकटपट्टी पोस्टात पेटी दाखवून झाल्यावर लावा. पाचपेक्षा जास्त पेट्या असतील तर ट्रान्सपोर्टने पाठवणे स्वस्त पडेल. बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, ‘वापरलेली पुस्तके, देणगी, विक्रीसाठी नाहीत’ असे लिहा आणि यादी जोडा. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, तरी रस्त्यात विचारणा झाली तर यादी हाताशी असावी.

जुलै-ऑगस्टमध्ये काही पाठवू नका. पंचगंगेला पूर आला की शिरोलीजवळ महामार्ग बंद पडतो आणि पेट्या ओल्या गोदामात अडकतात. दसऱ्यानंतरचा काळ चांगला.

परदेशी पाठवताना आंतरराष्ट्रीय टपालात छापील मालाची स्वतंत्र पिशवी मिळते का, हे मुख्य टपाल कचेरीत विचारा. सीमाशुल्काच्या अर्जावर वर्णन ‘छापील पुस्तके, देणगी’ आणि संकेतांक ४९०१ लिहा. किंमत शून्य लिहू नका. जुन्या बाजारात जी मिळेल ती माफक रक्कम लिहा, कारण शून्य किमतीवर शंका घेतली जाते आणि पेटी अडते. तिकडे काही शुल्क लागलेच तर ते कोण भरणार, हे संस्थेशी आधीच ठरवा. नाहीतर पेटी परत येते आणि परतीचा खर्चही आपल्या माथी पडतो.

पेटी पोहोचल्यावर महिन्याभराने एकच प्रश्न लिहून विचारा: कोणती पुस्तके अजून कोणी नेली नाहीत? पुढची यादी त्या उत्तरावर करा.