छोट्या स्वस्त लॅपटॉपवर लिनक्स बसवताना अडल्यास काय करावे

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला, आणि ठाणे-नवी मुंबईतील अनेक घरांमध्ये मुलांच्या अभ्यासासाठी घेतलेले दोन जीबी रॅमचे, बत्तीस जीबी साठ्याचे लॅपटॉप एकाएकी बिनकामाचे ठरले. विंडोज ११ साठी किमान चार जीबी रॅम, चौसष्ट जीबी साठा आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, त्यामुळे या यंत्रांना तो मार्ग बंदच आहे. गोखले रोडवर किंवा वाशीच्या सेक्टर १७ मध्ये ते विकायला नेले तर हाती फारसे काही येत नाही. साहजिकच कोणीतरी लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमचा सल्ला देते, पेनड्राइव्ह तयार होतो आणि मग स्क्रीन काळा पडून बसतो.

अशा वेळी बहुतेक जण दुसरे डिस्ट्रो (लिनक्सचा दुसरा संच) उतरवून घेतात, तेही अडले की तिसरे. माझ्या मते यात निव्वळ वेळ जातो, कारण अडचण बहुधा डिस्ट्रोमध्ये नसून लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्ये (यंत्र चालू होताच सर्वांत आधी चालणाऱ्या, बोर्डवरच्या प्रोग्राममध्ये) किंवा एखाद्या विशिष्ट चिपमध्ये असते आणि ती प्रत्येक डिस्ट्रोला तितकीच नडते. गाडी कुठे थांबली हे आधी ठरवावे: पेनड्राइव्ह दिसलाच नाही, मेनू दिसला पण पुढे अंधार झाला, इन्स्टॉलर सुरू झाला पण त्याला डिस्क सापडली नाही, सगळे बसले पण पुन्हा विंडोजच उघडले, की सर्व चालते आणि केवळ वायफाय चालत नाही. या प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. स्क्रीनवरच्या शेवटच्या ओळींचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी. पुढे ज्या कमांड उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत, त्या अर्थातच रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या आहेत.

सुरुवात करण्यापूर्वी

विंडोजमधील फोटो आणि कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घ्यावीत, हे सांगायला नको. सहसा न सांगितली जाणारी गोष्ट अशी की काही लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू असते, आणि फर्मवेअरमधील सिक्युअर बूट (फक्त सही केलेले प्रोग्राम सुरू होऊ देणारी सोय) बदलताच विंडोज साठा कुलूपबंद करणाऱ्या बिटलॉकरची अठ्ठेचाळीस अंकी रिकव्हरी की मागते. ती की मायक्रोसॉफ्ट खात्यात आधीच पाहून कागदावर लिहून ठेवावी.

पावसाळ्यात आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. जुन्या स्वस्त लॅपटॉपची बॅटरी थोडा वेळ तग धरते, पण घरातला राउटर लगेच बंद पडतो आणि इंटरनेटवरून पॅकेजेस ओढणारे नेट-इन्स्टॉलेशन अर्ध्यावर तुटते. म्हणून या यंत्रांसाठी छोट्या नेट-इन्स्टॉल प्रतिमेऐवजी (पेनड्राइव्हवर लिहायच्या आयएसओ फाइलऐवजी) पूर्ण प्रतिमा उतरवून घेणे अधिक सोयीचे ठरते. तिला आठ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. उतरवलेल्या फाइलची शा-२५६ बेरीज (फाइलच्या मजकुरावरून निघणारा आकडा) संकेतस्थळावर दिलेल्या बेरजेशी जुळवून पाहावी. विंडोजमध्ये त्यासाठी सर्टयुटिल आणि लिनक्समध्ये शा२५६सम ही कमांड आहे. बेरीज जुळत नसेल तर पुढे काहीही करण्यात अर्थ नाही, कारण अर्धवट उतरलेली फाइल इन्स्टॉलरला मध्येच कुठेतरी पाडते आणि दोष भलत्याच गोष्टीवर जातो. रूफस या विंडोजमधील प्रोग्रामने पेनड्राइव्ह लिहिताना आयएसओ पद्धतीने तो सुरू झाला नाही तर तीच फाइल डीडी पद्धतीने पुन्हा लिहून पाहावी. पेनड्राइव्ह यूएसबी हबमध्ये न लावता थेट लॅपटॉपमध्ये लावावा आणि एका पोर्टवर दिसला नाही तर दुसऱ्यावर लावून पाहावा.

पेनड्राइव्ह दिसतच नाही

खरी मेख इथे आहे, म्हणून हा टप्पा सावकाश पाहू. बूट मेनू उघडण्याची कळ प्रत्येक कंपनीची वेगळी असते: एसरवर एफ१२, एचपीवर एस्केप किंवा एफ९, असुसवर एस्केप, लेनोवोवर एफ१२, आणि लेनोवोच्या आयडियापॅडवर बऱ्याचदा बाजूला टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रात नोवो बटण असते. एसरच्या काही लॅपटॉपवर एफ१२ चा मेनू मुळात बंद असतो, तो एफ२ दाबून सेटअपमध्ये चालू करावा लागतो. कळ दाबण्याची वेळ साधत नसेल तर विंडोजमध्ये शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्टवर क्लिक करावे, मग प्रगत पर्यायांमधून यूईएफआय (जुन्या बायोसची जागा घेतलेले फर्मवेअर) फर्मवेअर सेटिंग्ज निवडता येतात. विंडोजचे फास्ट स्टार्टअप बंद करावे, कारण ते चालू असताना शटडाउन केलेले यंत्र पूर्ण बंद झालेले नसते.

मेनू उघडतो, पण त्यात पेनड्राइव्ह नाही, किंवा निवडल्यावर यंत्र मुकाट्याने विंडोजकडे वळते, असे झाले तर सिक्युअर बूटकडे पाहावे. डेबियन, उबुंटू आणि फेडोरा यांच्याकडे सही केलेला बूटलोडर (ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) असल्यामुळे ते सिक्युअर बूट चालू असतानाही सहसा सुरू होतात. अँटीएक्ससारख्या लहान डिस्ट्रोंसाठी ते बंद करावे लागते. एसरच्या अनेक यंत्रांवर हा पर्याय फिकट दिसतो आणि बदलता येत नाही. अशा वेळी आधी सुपरवायझर पासवर्ड ठरवावा, म्हणजे पर्याय मोकळा होतो. तो पासवर्ड विसरल्यास सेटअपच कुलूपबंद होतो, त्यामुळे काम झाल्यावर तो काढून टाकणेच बरे.

सिक्युअर बूट बंद करूनही काहीच घडत नसेल आणि लॅपटॉप २०१४-१५ च्या सुमाराचा, इंटेल ॲटम झेड३७३५एफ सारख्या बे ट्रेल प्रोसेसरचा असेल, तर कारण बहुधा ठरलेले असते. या यंत्रांचा प्रोसेसर चौसष्ट बिटचा असला तरी त्यांचे फर्मवेअर बत्तीस बिटचे असते, कारण ती बत्तीस बिटच्या विंडोज ८.१ सह विकली गेली आणि यूईएफआय पद्धतीत विंडोजला स्वतःच्याच बिटचे फर्मवेअर लागते. नेहमीच्या चौसष्ट बिट पेनड्राइव्हवर केवळ चौसष्ट बिटचा बूटलोडर असतो आणि हे फर्मवेअर त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. पडताळणी सोपी आहे: विंडोजच्या सेटिंग्जमधील अबाउट या पानावर प्रोसेसर एक्स६४ आणि ऑपरेटिंग सिस्टिम बत्तीस बिट असे लिहिलेले असेल, आणि सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये बायोस मोड यूईएफआय दिसत असेल, तर फर्मवेअर बत्तीस बिटचे आहे. अशा यंत्रासाठी मी डेबियनच सुचवेन, कारण डेबियन १२ पासून त्याच्या चौसष्ट बिट प्रतिमेत बत्तीस बिट फर्मवेअरला समजणारा बूटलोडरही असतो आणि इन्स्टॉलर पुढे ग्रब हा लिनक्सचा बूटलोडरही त्याच प्रकारचा बसवतो. इंटरनेटवर बूट-आयए-३२ नावाची एकच फाइल पेनड्राइव्हवर टाकण्याचा उपाय सापडतो. त्याने मेनू दिसतो खरा, पण इन्स्टॉलेशनच्या शेवटी चौसष्ट बिटचा ग्रब बसला की तीच अडचण पुन्हा उभी राहते.

याहून जुन्या, ॲटम एन२७० च्या नेटबुकांचा प्रोसेसरच बत्तीस बिटचा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने बत्तीस बिटचा इन्स्टॉलर देणे थांबवले आहे, त्यामुळे अशा यंत्रावर डेबियन १२ किंवा अँटीएक्सची बत्तीस बिट आवृत्ती वापरावी.

मेनूनंतर अंधार, किंवा मध्येच गोठणे

ग्रबचा मेनू दिसत असताना ई ही कळ दाबावी, लिनक्स या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीवर जावे आणि तिच्यातील क्वाएट व स्प्लॅश हे शब्द असल्यास काढून टाकावेत. मग एफ१० दाबल्यावर कर्नल (लिनक्सचा गाभा) काय काय करतो आहे ते अक्षरांत दिसू लागते आणि तो नेमका कुठे थांबला ते कळते. त्याच ओळीच्या शेवटी नोमोडसेट असे लिहिल्यास ग्राफिक्सचा ड्रायव्हर बाजूला ठेवून साध्या पद्धतीने स्क्रीन चालू होतो. हा बदल त्या एका बूटपुरताच टिकतो, त्यामुळे बिनधास्त करून पाहावा. इन्स्टॉलेशन पूर्ण झाल्यावर मात्र नोमोडसेट कायम ठेवू नये, कारण त्याने व्हिडिओ अडखळतात आणि उजेड कमी-जास्त करता येत नाही.

बे ट्रेल यंत्रे दहा-वीस मिनिटे छान चालून अचानक पूर्ण गोठत असतील तर त्याच ओळीत इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१ हा पर्याय लिहून पाहावा. प्रोसेसर गाढ झोपेत जातो आणि तिथून परत येत नाही, हा या चिपचा जुना दोष आहे. या पर्यायाने त्याला गाढ झोपूच दिले जात नाही. त्याची किंमत बॅटरीत मोजावी लागते. नव्या कर्नलमध्ये हा त्रास बराच कमी झाला आहे, म्हणून आधी पर्यायाशिवाय चालवून पाहावे.

दोन जीबी रॅमवर लाइव्ह (पेनड्राइव्हवरूनच चालणारा) डेस्कटॉप उघडून त्यातून इन्स्टॉल करू लागल्यास यंत्र गुदमरते. डेबियनच्या मेनूतील साधा इन्स्टॉलर निवडावा, तो डेस्कटॉप न उघडता थेट सुरू होतो. डेस्कटॉप म्हणून हलका एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी निवडावा. नोम या जड वातावरणाचा मोह इथे टाळलेला बरा.

डिस्क सापडत नाही

स्वस्त लॅपटॉपमध्ये बहुधा ईएमएमसी (बोर्डवर झाळलेल्या चिपमधला) साठा असतो आणि लिनक्स त्याला एसडीए न म्हणता एमएमसीबीएलके० म्हणते. त्याच नावापुढे बूट० आणि बूट१ असे काही एमबींचे तुकडे दिसतात. त्यांना हात लावू नये. बत्तीस जीबीऐवजी सुमारे एकोणतीस दिसतात, तो मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे. एवढ्याशा जागेत विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवण्याचा हट्ट धरू नये. बूटलोडरसाठी तीनशे एमबीचे ईएफआय पार्टिशन आणि उरलेल्या जागेवर एक्स्ट४ ही लिनक्सची फाइल रचना, एवढी मांडणी पुरेशी आहे. स्वॅपसाठी (रॅम कमी पडल्यास डिस्कवर वापरल्या जाणाऱ्या भागासाठी) वेगळी जागा न देता नंतर झेडरॅम-टूल्स हे पॅकेज बसवावे, म्हणजे रॅममधीलच काही भाग दाबून वापरला जातो आणि ईएमएमसीची झीज वाचते.

थोड्या नव्या, एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) डिस्कच्या यंत्रांवर फर्मवेअरमध्ये इंटेल आरएसटी किंवा व्हीएमडी या डिस्क हाताळणाऱ्या सोयी चालू असेल तर डिस्क लपून राहू शकते. ते बदलून एएचसीआय ही नेहमीची पद्धत करावी. विंडोज ठेवायचे असल्यास आधी त्याची तयारी करावी लागते, नाहीतर ते सुरूच होत नाही. पडद्यावर एमएमसी० या नावासह आय-ओ एररच्या ओळी वारंवार येत असतील तर साठाच मरणपंथाला लागला आहे. तो बोर्डवर झाळलेला असल्यामुळे बदलणे परवडत नाही, अशा वेळी छोट्या यूएसबी एसएसडीवर इन्स्टॉल करणे हा व्यवहार्य मार्ग आहे.

इन्स्टॉलेशन झाले, पण लिनक्स उघडत नाही

यूईएफआय फर्मवेअरने आपल्या स्मृतीत बूटलोडरची नोंद ठेवावी अशी अपेक्षा असते. स्वस्त यंत्रांमधील काही फर्मवेअर ही नोंद विसरते, तर काही तिला जुमानतच नाही आणि ठरलेल्या एकाच जागी, म्हणजे ईएफआय पार्टिशनमधील बूट या फोल्डरात, बूटलोडर शोधते. त्यामुळे ग्रबची एक प्रत तिथे ठेवणे हा खात्रीचा उपाय आहे. डेबियनच्या पेनड्राइव्हवर प्रगत पर्यायांत रेस्क्यू मोड असतो. त्यातून रूट पार्टिशन (लिनक्स बसवलेले) निवडावे आणि ग्रब रिमूव्हेबल मीडियाच्या मार्गावर बसवण्याचा पर्याय घ्यावा. तेच काम चालू लिनक्समध्ये ग्रब-इन्स्टॉल या कमांडला रिमूव्हेबल हा पर्याय जोडून करता येते. एसरवर एवढ्यानेही भागले नाही तर सेटअपच्या सिक्युरिटी पानावर त्या बूटलोडरची फाइल विश्वासार्ह म्हणून निवडावी लागते.

पेनड्राइव्ह चुकून जुन्या लेगसी (बायोस) पद्धतीने सुरू झाला असेल तर ग्रबही त्याच पद्धतीचा बसतो आणि फर्मवेअर यूईएफआयवर ठेवले की सापडत नाही. पेनड्राइव्हवरून सुरू झालेल्या लिनक्समध्ये सिस या डिरेक्टरीतील फर्मवेअरमध्ये ईएफआय नावाची डिरेक्टरी आहे का, ते इन्स्टॉलेशनपूर्वीच पाहिले तर हा घोटाळा टळतो.

वायफाय, घड्याळ आणि उरलेले

वायफाय नसेल तर घाबरून डिस्ट्रो बदलू नये. अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केले की लिनक्सला बहुधा लगेच इंटरनेट मिळते आणि मग ड्रायव्हर उतरवता येतात. डीमेसेज या कमांडच्या उत्तरात फर्मवेअर सापडले नाही अशी ओळ शोधावी, तिच्यात हव्या असलेल्या फाइलचे नाव असते. रिअलटेकच्या चिपांसाठी फर्मवेअर-रिअलटेक हे पॅकेज, तर ब्रॉडकॉमच्या काही चिपांसाठी ब्रॉडकॉम-एसटीए लागते. डेबियन १२ पासून फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येत असल्यामुळे हा त्रास पूर्वीइतका राहिलेला नाही.

अनेक दिवस कपाटात पडलेल्या लॅपटॉपची तारीख काही वर्षे मागे गेलेली असते, आणि मग संकेतस्थळांची प्रमाणपत्रे अवैध ठरून पॅकेजेस उतरत नाहीत. नेटवर्कचा दोष समजून राउटर बदलण्याआधी तारीख पाहावी. विंडोजही ठेवले असेल आणि घड्याळ नेमके साडेपाच तासांनी चुकत असेल, तर विंडोज भारतीय वेळ आणि लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरून चालले आहे, इतकेच. टाइमडेटसीटीएल या कमांडला सेट-लोकल-आरटीसी १ जोडल्यास दोघांचे जमते.

बे ट्रेलवर आवाज नसेल तर नवा कर्नल आणि फर्मवेअर-इंटेल-साउंड पॅकेज घालून पाहावे. तरीही नसेल तर यूएसबीचे साउंड कार्ड लावून मोकळे व्हावे, त्यात दिवस घालवू नयेत. टॅबलेटचा पॅनल लावलेल्या यंत्रावर अक्षरे आडवी दिसतात, त्यासाठी बूटच्या ओळीत एफबीकॉन=रोटेट:१ लिहावे. मराठी लिहिण्यासाठी कीबोर्डच्या यादीत इनस्क्रिप्ट मांडणी मिळते आणि उच्चारानुसार टायपिंग हवे असल्यास आयबस-एम१७एन बसवावे.

घरातल्या ज्येष्ठांच्या हाती यंत्र देण्याआधी ते पूर्ण बंद करून पेनड्राइव्हशिवाय दोन-तीनदा चालू करावे, झाकण लावून झोपवावे आणि अर्ध्या तासाने उघडून पाहावे. झोपेतून उठताना अडकत असेल तर झाकण लावल्यावर फक्त स्क्रीन बंद व्हावा, अशी सेटिंग पॉवर मॅनेजरमध्ये करून ठेवावी.