लिंकनचा हेतू तपासायचा कसा? वादविवादाला उभ्या राहणाऱ्यांसाठी

कनिष्ठ महाविद्यालयात मी इतिहास शिकवते आणि वादविवाद स्पर्धेसाठी मुलांची तयारीही करून घेते. 'लिंकनने गुलामगिरी संपवली ती माणुसकीपोटी नव्हे, युद्ध जिंकण्यासाठी' असा विषय निघाला की वर्गात लगेच दोन तट पडतात. एका बाजूला तो देवमाणूस वाटतो, दुसरीला धूर्त पुढारी. दोघांच्या हातात एकेक वाक्य असतं, तेही मोबाइलवर सापडलेलं. लाखो माणसांच्या सुटकेचा प्रश्न असा एका वाक्यावर निकालात निघालेला मला सहन होत नाही. म्हणून आधी काय करायचं ते सांगते. युद्ध म्हणजे अमेरिकेचं यादवी युद्ध: गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेली दक्षिणेकडची राज्यं आणि राष्ट्राध्यक्ष लिंकनचं उरलेलं संघराज्य यांच्यातलं.

एक पाठकोरा कागद घ्या आणि तीन रकाने आखा: तारीख, लिंकन काय बोलला किंवा काय केलं, आणि कोणासमोर. तिसरा रकाना सोडू नका. हेतू बहुतेक वेळा तिथेच कळतो.

सुरुवात त्या सगळ्यांना पाठ असलेल्या पत्रापासून करा. 'न्यूयॉर्क ट्रिब्यून'चे संपादक होरेस ग्रीली यांनी गुलामांच्या मुक्तीत दिरंगाई होते म्हणून लिंकनला जाहीर जाब विचारला होता. 22 ऑगस्ट 1862 च्या उत्तरात लिंकन लिहितो, माझं मुख्य उद्दिष्ट संघराज्य वाचवणं आहे. एकाही गुलामाला मुक्त न करता ते वाचत असेल तर मी तसं करीन, सगळ्यांना मुक्त करून वाचत असेल तर तसं करीन, आणि काहींना मुक्त करून बाकीच्यांना तसंच ठेवून वाचत असेल तर तेही करीन. विषयाच्या बाजूने बोलणारा इथेच थांबतो आणि टाळ्या घेतो.

तुम्ही थांबू नका. कागदावर एक ओळ वर जा: 22 जुलै 1862. त्या दिवशी लिंकनने मुक्तीच्या घोषणेचा मसुदा मंत्रिमंडळाला वाचून दाखवला होता. परराष्ट्रमंत्री सीवर्ड म्हणाले, रणांगणावर विजय मिळेपर्यंत थांबा, नाहीतर ही हतबल सरकारची शेवटची धडपड वाटेल. म्हणजे ग्रीलींना पत्र लिहिताना निर्णय झालेला होता. आता पत्रातला तिसरा पर्याय पुन्हा वाचा. काहींना मुक्त करायचं, काहींना तसंच ठेवायचं. मसुद्यात हेच होतं! तो लोकांचं मन तयार करत होता. पत्राचं शेवटचं वाक्य तर हमखास गाळलं जातं: हे मी माझ्या पदाच्या कर्तव्याबद्दल बोललो, सगळीकडची सगळी माणसं मुक्त व्हावीत ही माझी व्यक्तिगत इच्छा मी अनेकदा बोलून दाखवली आहे आणि तिच्यात बदल करायचा माझा विचार नाही.

पुढचा प्रश्न अधिकाराचा. त्याच्या हातात काय होतं? 17 सप्टेंबरला अँटिटमच्या लढाईत विजय म्हणता येईल असं यश मिळालं, 22 सप्टेंबरला प्राथमिक घोषणा आली आणि 1 जानेवारी 1863 ला अंतिम. ती फक्त बंडखोर प्रदेशाला लागू होती. केंटकी, मिसुरी, मेरीलँड, डेलावेअर ही गुलामगिरी असूनही संघराज्यात राहिलेली सीमेवरची राज्यं वगळली, टेनेसीही वगळलं. मुलं याला ढोंग म्हणतात. पण शांततेच्या काळातल्या राष्ट्राध्यक्षाला राज्यांमधल्या गुलामगिरीला हात लावायचा अधिकारच नव्हता. सरसेनापती म्हणून शत्रूच्या मुलखात तो युद्धाचा उपाय योजू शकत होता, तेवढंच. शिवाय 1857 च्या ड्रेड स्कॉट खटल्यात काळ्या माणसाला नागरिकत्व नाकारणारे रॉजर टॉनी अजून सरन्यायाधीश होते. घोषणेची ती रूक्ष, वकिली भाषा न्यायालयात टिकावी म्हणून आहे. त्यातही 'न्यायाचं कृत्य' हे शब्द लिंकनने ठेवलेच.

अडचणीच्या नोंदी लपवू नका. 14 ऑगस्ट 1862 ला काळ्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून त्याने त्यांना देशाबाहेर वसाहत करायचा सल्ला दिला. हे वाचताना मला आजही राग येतो. तुमच्या कागदावर ती तारीख हवीच.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. हेतू ओळखायचा असेल तर स्वार्थ आणि तत्त्व जिथे फुटून वेगळ्या वाटेला लागतात ती जागा शोधा. लिंकनच्या बाबतीत ती जागा म्हणजे ऑगस्ट 1864. निवडणूक तोंडावर, युद्ध रेंगाळलेलं, आणि मुक्तीची अट सोडा म्हणजे तह होईल असा दबाव. तो डगमगला का? थोडा, हो. बंडखोर राज्यांचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस याने गुलामगिरीचा विषय न काढता तहाची तयारी दाखवून तर बघावी, अशा अर्थाचं एक वाक्य त्याने एका पत्राच्या मसुद्यात लिहिलं होतं. स्वतः गुलामगिरीतून सुटलेले काळे पुढारी फ्रेडरिक डग्लस यांना तो मसुदा दाखवला, त्यांनी विरोध केला, आणि पत्र गेलंच नाही. त्याच सुमारास तो म्हणाला, पोर्ट हडसन आणि ओलस्टी इथे लढलेल्या काळ्या सैनिकांना पुन्हा गुलामीत ढकललं तर मी या लोकी आणि परलोकीही शापित ठरेन. 23 ऑगस्टला त्याने आपण बहुधा हरणार असं लिहून ठेवलं आणि मंत्र्यांना ते वाचू न देताच त्यावर त्यांच्या सह्या घेतल्या. हरायची तयारी ठेवली, अट सोडली नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीला अटलांटा पडलं आणि चित्र पालटलं. निवडून आल्यावर नव्या काँग्रेसची, म्हणजे अमेरिकेच्या संसदेची, वाट न बघता त्याने गुलामगिरी रद्द करणारी तेरावी घटनादुरुस्ती रेटली. 31 जानेवारी 1865 ला प्रतिनिधिगृहात ती 119 विरुद्ध 56 मतांनी मंजूर झाली.

एवढ्यावर कागद भरला असं समजू नका. मे 1861 मध्ये बंडखोर व्हर्जिनियातल्या, पण संघराज्याच्या ताब्यात असलेल्या फोर्ट मन्रो किल्ल्यावर तीन गुलाम पळून आले: फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी, जेम्स टाउनसेंड. तिथल्या संघराज्याच्या जनरल बटलरने त्यांना मालकाकडे परत पाठवायचं नाकारलं. त्यांच्यामागून हजारो आले आणि सरकारला भूमिका घेणं भाग पडलं. हेतू त्यांचाही होताच. जोतीराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या सज्जन लोकांना, एकट्या लिंकनला नव्हे. ही नोंद मराठी श्रोत्यांपुढे जरूर ठेवा.

मांडणी करताना वेळ कमी असेल तर जन्म, बालपण, लाकडी झोपडी सरळ कापा. विषयाच्या बाजूने बोलणार असाल तर 14 ऑगस्ट आणि सीमेवरची राज्यं घ्या, पण 1864 वर प्रश्न येणारच, त्याचं उत्तर तयार ठेवा. विरोधात असाल तर ग्रीलींचं पत्र तुम्हीच आधी वाचा, अगदी शेवटच्या वाक्यापर्यंत. आणि डग्लस यांचं 1876 चं भाषण वापरलंत तर अर्धं तोडू नका: गुलामगिरीविरोधकांच्या जागेवरून लिंकन मंद आणि थंड वाटला, देशाच्या जनभावनेच्या मापाने तो वेगवान आणि निर्धारी होता, अशा दोन्ही गोष्टी ते एका दमात बोलले आहेत.