दमा, धाप आणि श्वासाच्या सवयी: या चुका टाळा

कुडाळ-मालवण पट्ट्यात मी श्वसनाचे व्यायाम शिकवते. दर पावसाळ्यात त्याच त्या चुका बघून जीव तुटतो.

सगळ्यात घातक सल्ला म्हणजे दमेकऱ्याला धाप लागली की "मोठा श्वास घे". दम्याच्या झटक्यात श्वासनलिका आवळलेल्या असतात. हवा आत जाते, पण पुरती बाहेर पडत नाही. त्यात भराभर मोठे श्वास घेतले की छातीत हवा आणखी कोंडते.

शेजारचा चाकरमानी गणपतीच्या आदल्या दिवशी मुंबईहून आला आणि आल्या आल्या बंद घराचा माळा झाडायला लागला. गाद्यांना बुरशीचा वास, पाट-समया खाली काढताना धुळीचा लोट. रात्री गणपतीच्या डोक्यावरची माटवी बांधता बांधता छातीतून शिट्टी वाजायला लागली. भोवती सगळं घर गोळा, "मोठो श्वास घे रे!" दम्याच्या औषधाचा पंप (इनहेलर) कुठे? मुंबईत. कपालभातीने बरं वाटतंय म्हणून त्याने तो शिमग्यापासून बंदच केला होता. मी त्याला पुढे झुकवून बसवलं, कोपर टेबलावर टेकवले, ओठ चंबूसारखे करून सावकाश श्वास सोडायला लावला आणि गाडी काढायला सांगितली. दवाखान्यात नेब्युलायझर (औषधाचे बारीक तुषार श्वासातून देणारं यंत्र) लावल्यावर त्याच्या तोंडून पुरतं वाक्य निघालं. वाक्य पुरं होत नसेल, ओठ निळे पडत असतील तर व्यायाम करत बसू नका, १०८ ला फोन करा. जवळ साल्बुटामॉलचा, म्हणजे आवळलेल्या नळ्या पटकन मोकळ्या करणाऱ्या औषधाचा पंप असेल तर डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत लगेच घ्या.

श्वासाच्या व्यायामाने अनेक दमेकऱ्यांना बरं वाटतं, म्हणून तर मी तो शिकवते. सोव्हिएत डॉक्टर बुतेयको यांनी १९५० च्या दशकात नाकाने, हळू आणि कमी श्वास घेण्याची पद्धत बसवली. तिने काहींची लक्षणं कमी होतात, पण फुफ्फुसांच्या चाचणीतले आकडे फारसे हलत नाहीत. नळ्यांची आतली सूज स्टिरॉइडच्या पंपानेच ओसरते. आठ दिवस प्राणायाम करून पंप फेकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

दुसरी चूक फुंकणीची. बाई चुलीशी वाकते, जोरात फुंकते आणि दम संपला की तिथेच, धुराच्या तोंडावर, तोंडाने खोल श्वास ओढते. बिडीला हात न लावलेल्या बायकांना या धुराने सीओपीडी (फुफ्फुसांचा कायमचा, धाप लावणारा आजार) होतो. माझ्या वर्गातल्या काकींना मी एकच सवय लावते: मान वळवून नाकाने श्वास घ्या, मग फुंका. धूर त्याने संपत नाही. गॅस परवडत असेल तर चूल आंघोळीच्या पाण्यालाही नको.

तोंडाने श्वास घेऊ नका. नाक हवा गाळतं, कोमट आणि ओलसर करतं. पण व्हिडिओ बघून चोंदलेल्या नाकानिशी ओठांना पट्टी लावून झोपणं हा निव्वळ उतावळेपणा. आधी नाक का चोंदतं ते डॉक्टरांना दाखवा.

वाफेने दमा जात नाही, पोरं मात्र भाजतात.

पंप घेताना आधी श्वास सोडा, दाबता दाबता हळू आत ओढा, १० सेकंद धरा. स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) वापरा. स्टिरॉइडनंतर चूळ भरा.

आणि शेतात पालापाचोळ्याची भाजावळ पेटली असताना अंगणात प्राणायामाला बसू नका. खोल श्वासाबरोबर धूरही खोल जातो. दारं-खिडक्या लावून घ्या, धूर निवळला की बसा.