जादा तासांची वही अशी ठेवा

नाशिकमधल्या अंबडच्या एका कारखान्यात मी डिस्पॅच सांभाळायचे. सुटी सहाला, पण शेवटचा ट्रक भरेपर्यंत साडेआठ. पगाराच्या चिठ्ठीत त्या अडीच तासांचा मागमूस नसायचा.

म्हणून आजच साधी वही घ्या. घरी जाताना, त्रिमूर्ती चौक यायच्या आतच, आल्या-गेल्याची वेळ, कोणी थांबवलं आणि काय काम केलं ते लिहा. महिनाअखेरीस आठवून लिहिलेलं टिकत नाही. तोंडी थांबवलं, तर ‘गाडी रवाना, ८.३५’ असा मेसेज साहेबांना टाकाच.

मग हिशेब. कायद्याने आठवड्याला ४८ तास, त्यापुढच्या तासांना दुप्पट दर. पगार २६,००० असेल तर भागिले २६ दिवस, भागिले ८ तास, म्हणजे १२५ रुपये. जादा तासाचे २५०. माझे एका महिन्याचे ५५ तास निघाले, म्हणजे १३,७५० रुपये! आकडा पाहून रडूच आलं.

‘तुम्ही सुपरवायझर, तुम्हाला ओव्हरटाइम नाही’ असं ऐकवतील. नुसतं पद नव्हे, प्रत्यक्ष कामही पाहिलं जातं. मी गाड्या मोजायचे. कोणाची रजासुद्धा मंजूर करत नव्हते.

अर्ज लेखीच द्या, शक्यतो दोघं-तिघं मिळून. एकटीला बाजूला घेऊन गप्प करणं सोपं असतं. पोचेवर तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय केबिनमधून उठू नका.