गिटार बदलायची का? होकार देण्याआधी घरी करून बघायच्या गोष्टी

जूनच्या शेवटी विक्रोळीहून भाचीचा फोन आला. कॉलेजमधला एक मुलगा आपली अकॉस्टिक गिटार तिला द्यायला तयार होता. बदल्यात तिची गिटार आणि वर पाच हजार रुपये. "मावशी, संध्याकाळपर्यंत सांगायचंय त्याला. घेऊ का?" मी विचारलं, "तुझ्या गिटारच्या तारा शेवटच्या कधी बदलल्यास?" जरा वेळ गप्प राहून ती म्हणाली, "गेल्या गणपतीत."

तिच्या गिटारवर नऊ-दहा महिन्यांच्या गंजक्या तारा, त्याच्या गिटारवर आठवड्यापूर्वीच्या. मग त्याची गोड वाटणारच. बावीस वर्षं वाजवते आहे आणि आसपास गिटारींच्या पुष्कळ अदलाबदली पाहिल्या. ज्यांना नंतर चुटपुट लागली, त्यांच्यातल्या बहुतेकांनी आपली गिटार आजारी असताना देऊन टाकली होती. म्हणून भाचीला सांगितलं तेच इथे सांगते: आधी आपली गिटार बरी करा, मग दोन्ही एका पंगतीला बसवा, आणि पैशांचं बोलणं सगळ्यात शेवटी.

तक्रार कागदावर लिहा

"आवाज आवडत नाही" एवढ्यावर काही ठरवता येत नाही. कुठल्या गाण्यात, कुठल्या कॉर्डला, एकटं वाजवताना की चारचौघांत, ते लिहा. भाचीनं दोन वाक्यं पाठवली. "एफ कॉर्ड धरताना पहिली तार बोलत नाही आणि बोट कापतं." "चार जण गायला लागले की माझी गिटार ऐकूच येत नाही." तक्रारी दोन्ही खऱ्या, पण पहिलीचं औषध शंभरातल्या नव्वद वेळा सेटअपमध्ये, म्हणजे तारांची उंची आणि मान जुळवून घेण्यात असतं. दुसरी गिटारच्या बांध्यातली असू शकते आणि तिच्यासाठी गिटार बदलण्याचा विचार करणं रास्त आहे.

एफची तक्रार तपासायची सोपी युक्ती आहे. पहिल्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावा आणि त्याच्या पुढे तोच आकार धरा. आता हात एकदम हलका पडला, तर दोष नटच्या, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचांचा; त्या उथळ आहेत, त्यामुळे तारा तिथे उंच राहतात. कारागीर बारीक कानशीनं खाचा खोल करतो, अर्ध्या तासाचं काम. एवढ्यासाठी गिटार देऊन टाकायची नसते.

आपली गिटार बरी करा

नव्या तारा चढवा. मुंबईत घाम आणि खारी हवा दोन्ही तारांना खातात. रोज वाजवणाऱ्याच्या साध्या ब्राँझ तारा महिना-दीड महिन्यात काळवंडतात, आवाज बसतो आणि सूर लावतानाही त्या धड जुळत नाहीत. बोट तारेच्या खालच्या अंगानं फिरवून बघा. खरबरीत लागलं की ती तार संपली.

मग तारांची उंची, म्हणजे ॲक्शन. गिटार सुरात लावून बाराव्या फ्रेटवर, फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत स्टीलच्या पट्टीनं मोजा. जाड तारेखाली अडीच मिलिमीटरच्या आसपास आणि बारीक तारेखाली दोनच्या आसपास अंतर असेल, तर बहुतेकांचा हात सुखानं चालतो. भाचीच्या गिटारवर जाड तारेखाली साडेतीन निघाले! अशा गिटारवर बोट न कापलं तरच नवल.

उंची उतरवण्याआधी मान बघायची. एका हातानं जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि दुसऱ्या हातानं चौदाव्या फ्रेटवर दाबून धरा आणि सातव्या फ्रेटपाशी तारेखाली किती फट राहते ते बघा. पातळ व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट ठीक. जास्त असली तर मानेतला ट्रस रॉड, म्हणजे मान सरळ ठेवणारी आतली सळई, थोडा आवळावा लागतो. हे काम पहिल्यांदा जाणत्या माणसाकडूनच करून घ्या, कारण रॉड तुटला तर गिटारच्या किमतीएवढा खर्च येऊ शकतो. मान सरळ असूनही तारा उंच असतील तर सॅडल, म्हणजे खालच्या टोकाला ब्रिजमध्ये बसवलेली, तारा टेकतात ती पट्टी, कमी करायचं. हिशोब सोपा आहे: सॅडल एक मिलिमीटर घासलं की बाराव्या फ्रेटवरची उंची अर्धा मिलिमीटर उतरते. मूळ सॅडल घासू नका. दुसरं विकत आणून त्याची खालची बाजू पॉलिश पेपरवर सपाट घासा आणि मूळचं जपून ठेवा.

जुलैत निकाल लावू नका

मुंबईत राहणाऱ्यांसाठी ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची आहे, आणि ऐन पावसात अदलाबदल करणाऱ्यांच्या गावीही ती नसते. लाकूड हवेतली ओल पितं आणि रेषांना आडवं फुगतं. गिटारचा टॉप, म्हणजे दर्शनी फळी, जेमतेम तीन मिलिमीटर जाड. ती फुगली की ब्रिजच्या, म्हणजे तारा जिथे अडकवतात त्या टॉपवरच्या लाकडी पट्टीच्या, मागे टॉपला पोट येतं, ब्रिज वर उचलला जातो आणि त्याच्याबरोबर तारा. आवाज दमट, कोंडलेला येतो. गिटार बनवणारे ४५ ते ५५ टक्के आर्द्रता चांगली मानतात. माझ्या माहीमच्या घरात खिडक्या उघड्या असल्या तर पावसाळ्यात आर्द्रतामापक ऐंशीच्या खाली क्वचितच येतो. लॅमिंग्टन रोडवर छोटा डिजिटल मापक मिळतो, तो गिटारच्या बॅगेत ठेवून द्या. सोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि बॅग बंद ठेवा.

म्हणून शक्य असेल तर दसऱ्यानंतर ठरवा. घाईच असेल, तर दोन्ही गिटारी निदान चार-पाच दिवस एकाच खोलीत राहू द्या. एक एसीच्या खोलीतून आलेली आणि दुसरी गॅलरीच्या दाराशी टांगलेली, अशी तुलना करण्यात अर्थ नाही.

याच ओघात सॉलिड टॉपबद्दल. प्लायचा, म्हणजे थर चिकटवलेला, टॉप सोडून सॉलिड, म्हणजे अखंड लाकडाचा, टॉप घेणं म्हणजे बढतीच, असं सरसकट सांगितलं जातं. सॉलिड टॉपला घुमारा जास्त असतो, तारेची आस लांब राहते, हे मलाही मान्य आहे. पण प्लायच्या थरांमध्ये लाकडाच्या रेषा एकमेकींना आडव्या असतात, त्यामुळे ती फळी हवेबरोबर कमी हलते. खिडक्या सदा उघड्या, गिटार भिंतीवर, आठवड्यातून दोनदा लोकलच्या गर्दीतून क्लासला नेणं, असा तुमचा संसार असेल, तर चांगली सेटअप केलेली प्लायची गिटार तुम्हाला जास्त सुख देईल. सॉलिड टॉप घ्यायचा तर बॅग, मापक आणि सिलिका जेल यांचा नेम पाळायची तयारी हवी.

समोरचा "सॉलिड आहे" म्हणाला, तर साउंडहोलच्या, म्हणजे टॉपमधल्या गोल भोकाच्या, कडेकडे टॉर्च मारून बघा. वरच्या लाकडाच्या रेषा कडेवरून तशाच खाली उतरताना दिसल्या तर सॉलिड. थर दिसले तर प्लाय. कड काळ्या रंगानं किंवा पट्टीनं झाकलेली असेल तर मॉडेलचं नाव घेऊन कंपनीची माहिती वाचा. "शिसवीची आहे" यालाही लगेच भुलू नका. आपली दक्षिणेकडची शिसव जगभरच्या गिटारींत वापरली जाते आणि ती सुंदरच वाजते, पण मागची-बाजूची फळी शिसवीचा पातळ पापुद्रा लावलेली प्लायसुद्धा असू शकते. माझ्या कानाला तरी आवाजात टॉपचा वाटा मोठा वाटतो.

कागदावरचे आकडे बघा

एकाच कंपनीच्या दोन गिटारी हातात किती वेगळ्या लागतात, याचं उदाहरण म्हणून यामाहाची एफ३१० आणि एफजी८०० घ्या. पहिलीची स्केल, म्हणजे नटपासून सॅडलपर्यंत तारेची बोलती लांबी, ६३४ मिलिमीटर. दुसरीची ६५०. त्याच तारा, तेच ट्यूनिंग ठेवलं तर लांब स्केलवर ताण सुमारे पाच टक्के वाढतो आणि फ्रेटही किंचित लांब लांब पडतात. लहान हाताला हे पहिल्या दिवशी जाणवतं. नटची रुंदीही विचारा. स्टीलच्या तारांच्या गिटारींत ती ४३ किंवा ४४.५ मिलिमीटर असते. फिंगरस्टाईल, म्हणजे बोटांनी एकेक तार छेडून, वाजवणाऱ्याला हा दीड मिलिमीटर मोकळीक देतो, आणि अंगठ्यानं जाड तार दाबणाऱ्याला तोच अडचणीचा होतो.

बांध्याचंही तसंच. ड्रेडनॉट हा मोठा बांधा १९१६ मध्ये मार्टिन कंपनीनं आणला आणि एका युद्धनौकेवरून त्याचं नाव पडलं. कोजागिरीला गच्चीवर वीस जण गाणार असतील तर त्याचा खर्ज कामी येतो. रात्री अकराला, पलीकडे शेजाऱ्यांचं बाळ झोपलेलं असताना, लहान बांध्याची गिटार बरी. तुम्ही जास्त वेळ यातलं काय करता, ते प्रामाणिकपणे ठरवा.

दोघींना एकाच पंगतीला बसवा

दोन्हींवर एकाच कंपनीच्या, एकाच जाडीच्या नव्या तारा लावा. खोली एक, प्लेक्ट्रम (तारा छेडायची चकती) एक, गाणं एक. आणि गाणं तुमचं रोजचं असू द्या; दुकानात वाजवायला पाठ केलेला तुकडा नको.

वाजवणाऱ्याला गिटार वरून ऐकू येते, समोरच्याला वेगळीच. त्यासाठी एखाद्या मित्राला दोन्ही वाजवायला सांगून तुम्ही चार-पाच फुटांवर पाठ करून बसा. फोनवर तुकडे रेकॉर्ड करा, क्रम त्यालाच ठरवू द्या आणि दुसऱ्या दिवशी नावं न बघता ऐका. भाचीनं सहा तुकडे ऐकले. स्ट्रमिंगच्या, म्हणजे सगळ्या तारा एकदम छेडलेल्या, तिन्ही वेळा तिनं त्या मुलाची गिटार निवडली, बोटांनी वाजवलेल्या तीनपैकी दोन वेळा स्वतःची. नव्या तारा आणि उतरवलेल्या सॅडलनंतर तिची गिटार तिला पहिल्यांदाच आवडायला लागली होती.

अर्धा तास सलग वाजवल्याशिवाय खांदा आणि मनगट खरं बोलत नाहीत, तेवढा वेळ काढाच.

देवघेव स्टेशनच्या पुलावर करू नका. दादरला संध्याकाळी सहा वाजता गिटारचा आवाज कळणं अशक्य आहे. कुणाच्या तरी घरी भेटा. त्याआधी एखाद्या दुपारी धोबी तलावला जेर महालात, १८६५ पासूनच्या फुर्ताडोजमध्ये जाऊन त्याच श्रेणीतल्या तीन-चार गिटारी हातात घेऊन बघितल्या, तर कानाला माप मिळतं.

समोरची गिटार नीट तपासा

ब्रिजच्या मागच्या कडेखाली साधा कागद सरकवून बघा. आत गेला तर ब्रिज सुटतोय. प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट दाबून एकेक सूर वाजवा. तंबोऱ्याला जवारी मुद्दाम काढतात. गिटारवर तशी झणझण एखाद्याच फ्रेटला आली, तर पुढचा फ्रेट उठलेला असू शकतो. बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तार न दाबता, नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर ट्यूनरवर जुळतो का बघा. पहिल्या तीन फ्रेटवर बारीक तारांनी खोल चरे पाडलेत का, तेही. आत टॉर्च मारा: फळीला तडा, सुटलेली आधाराची कामटी, लाकडाला बारीक छिद्रं आणि खाली पिवळट भुसा. भुसा दिसला की तिथेच नमस्कार करून परत या.

सगळ्यात महागात पडणारी गोष्ट मानेचा कोन. लांब सरळ पट्टी फ्रेटवर ठेवून ब्रिजकडे न्या. तिचं टोक ब्रिजच्या माथ्यावर टेकायला हवं. ते माथ्याच्या बरंच खाली, ब्रिजच्या अंगावर आपटलं, सॅडल आधीच घासून संपलेलं असलं आणि तरीही तारा उंच असल्या, तर मान काढून पुन्हा बसवावी लागेल. अशी गिटार वरचे पैसे न देताही घेऊ नका. बिल आणि आतला सीरियल नंबर बघून घ्या.

आता पैसे

तुमच्यासारखी वापरलेली गिटार खरोखर कितीला जाते ते बघा. लोक मागतात ती किंमत धरू नका. त्यात वरचे पैसे, दुरुस्ती आणि तारा मिळवा. मग विचार करा, आपली विकून तेवढ्यात तीच गिटार दुसरीकडून मिळते का. दुकानात एक्स्चेंज केली तर कमी मिळणार, कारण त्यांनाही ती पुन्हा विकायची असते. पण त्रास वाचतो.

ओळखीतली अदलाबदल असेल तर आठ दिवसांची उसनवारी मागा. तुझी माझ्याकडे, माझी तुझ्याकडे, पैसे नंतर. वॉट्सॲपवर दोघांनी दोन ओळींत लिहून ठेवायचं आणि दोन्ही गिटारींचे फोटो काढायचे. त्या आठ दिवसांत आपल्या हाताला जुनीची आठवण येते का, ते कळतं. आणि जी गिटार कुणी गेलेल्या माणसानं हातात दिली असेल, तिचा हिशोबच मांडू नका. ती ठेवा आणि दुसरीसाठी पैसे साठवा.

भाचीनं त्या मुलाला दसऱ्यापर्यंत थांबवलं. मग आठ दिवस गिटारी एकमेकांच्या घरी राहिल्या. त्याच्या गिटारच्या पहिल्या दोन फ्रेटवर चरे निघाले. फ्रेट घासून सारखे करण्याचा खर्च कारागिराला विचारून तिनं पाचातून वजा केला आणि साडेतीन हजारांवर व्यवहार झाला. ती बहुतेक वेळ ग्रुपमध्येच गाते, तेव्हा तिला मोठा आवाज हवा होता. त्याला एकट्याला वाजवायला तिची गिटार आवडली. देताना तिनं मूळचं उंच सॅडल कागदाच्या पुडीत घालून बॅगेच्या खिशात ठेवलं आणि पुडीवर मिलिमीटरचे आकडे लिहून दिले.